एकोणीस ते चाळीस

आमच्याकडं गाळ कुणी फेकत नाही. तळ्यातला असो, ओढ्यातला असो, बंधाऱ्यामागं साचलेला असो, उन्हाळ्यात ट्रॅक्टर लावून तो रानात नेऊन टाकतात, आणि ज्याच्या रानात पडला तो वर्षभर त्याचं कौतुक सांगत फिरतो. कळंबजवळच्या आमच्या रानात माझे वडील गाळाचं ढेकूळ हातात चुरून त्याचा वास घ्यायचे आणि मग आम्हालाही घ्यायला लावायचे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते कुणी वाईट मनानं केलं नाही. चांगल्या मातीचा मान राखायला गेलो आणि एका माणसाच्या अठरा वर्षांच्या कामाची माती केली. करणारे हात दुसऱ्याचे होते, पण करवणारी मी होते.

मी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. गावाचं नाव लिहीत नाही. ओळखायचं ते ओळखतीलच, बाकीच्यांना ओळखून करायचंय काय? याच कॉलेजात मी शिकले आणि ज्यांनी मला शिकवलं त्या सरांच्या शेजारच्या टेबलावर पुढं नोकरीला लागले. सर परंड्याकडचे. उंच, किडकिडीत, खिशाला पेनऐवजी पेन्सिल. शाई पाण्यात फुटते, पेन्सिल फुटत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते 'पोरी' म्हणायचे. मी नोकरीला लागल्यावर चारचौघांत 'मॅडम' म्हणू लागले, पण प्रयोगशाळेचं दार लोटलं की परत 'पोरी' आणि 'तू'. "पोरी, तू चहा सांगितलास का?" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे.

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते, त्या साली आमच्याकडं प्यायचं पाणी टँकरनं यायचं. सरांनी आम्हा सहासात जणांना एका रविवारी गावाबाहेरच्या माळावर नेलं. बालाघाटाच्या त्या उघड्या माळावर खडकात एक बशीसारखा खोलगट भाग होता. पावसाळ्यात तिथं गुडघाभर डबकं व्हायचं, दिवाळीनंतर आटायचं. त्या वर्षी त्यात नुसता भेगाळलेला गाळ होता. सरांनी खुरप्यानं वरचा पापुद्रा खरवडून पोत्यात भरला. आम्हाला वाटलं, सरांनी परड्यातल्या भाजीसाठी आम्हाला राबवायला आणलंय. एकानं तसं विचारलंही. सर हसले आणि म्हणाले, "ह्यात जनावरं हायत. झोपल्यात."

होती ती अंडी. खसखशीपेक्षाही बारीक. डबकं भरलं की त्यातून बोटाच्या पेराएवढा, आरपार दिसणारा, झिंग्याच्या नात्यातला एक जीव निघतो. महिना-दीड महिना पोहतो, अंडी घालतो, पाणी आटलं की मरतो. अंडी मात्र गाळात पडून राहतात. ऊन पडो, थंडी पडो, वरून गुरं चालोत, ती थांबतात. पुढच्या वर्षी पाणी आलं नाही तर त्याच्या पुढच्या वर्षापर्यंत थांबतात. हा जीव पाठीवर पोहतो, पोट वर आणि सगळे पाय आभाळाकडं. पुस्तकात त्याला लांबलचक लॅटिन नाव आहे. मराठीत नाव असलं तर सरांना सापडलं नव्हतं. त्यांनी माळावरच्या धनगरांना विचारलं, डबक्यावर म्हशी घेऊन येणाऱ्या म्हातारीला विचारलं. ती म्हणाली, "त्येला कशाला नाव पायजे? त्ये काय हाक मारल्यावर येतंय व्हय?" मग सरांनीच त्यांचं नाव ठेवलं, उताणे.

आणि त्यांचा प्रश्न एवढाच होता: उताणे किती थांबू शकतात?

त्यासाठी त्यांनी जे केलं ते इतकं साधं होतं की आता आठवलं तरी मला त्याचं आश्चर्य वाटतं. तो सगळा गाळ वाळवला, चाळला आणि एका ढिगात एकजीव केला, म्हणजे कुठल्याही मुठीत सारखाच ऐवज. मग तराजूवर तोलून त्याच्या चाळीस सारख्या पुड्या. माझ्या चुलत्यांचं कळंबला किराणा दुकान असल्यामुळं पुडी बांधायची मला सवय होती. मी खाकी कागदात पुड्या बांधत गेले आणि सर शेजारी बसून प्रत्येकीवर पेन्सिलीनं आकडा टाकत गेले. एक ते चाळीस. दर वर्षी त्याच आठवड्यात एक पुडी उघडायची, काचेच्या तबकात पाणी घालायचं आणि किती निघाले ते मोजायचे. मग तोच गाळ वाळवून परत भिजवायचा, कारण पहिल्या भिजवणीला सगळे निघत नाहीत. काही मागं राहतात. पाणी टिकलं नाही तर सगळाच वंश जायला नको म्हणून असेल, किंवा आणखी कशानं असेल. वर्षं जातील तशी मागं राहणाऱ्यांची संख्या कमी होते का वाढते, हे सरांना बघायचं होतं. चाळीस वर्षं.

"पण सर, तुम्ही तर वीसेक वर्षांत रिटायर होणार," कुणीतरी म्हणालं.

"मी व्हईन. उताणे कुठं व्हत्यात?"

पुड्या एका पत्र्याच्या पेटीत गेल्या, पेटी प्रयोगशाळेतल्या कपाटाच्या तळात गेली. भिंतीवर आलेखाचे दोन कागद शेजारीशेजारी जोडून लावले होते, कारण एका कागदावर चाळीस वर्षं मावत नव्हती. दर वर्षी त्यावर दोन ठिपके पडायचे. स्टाफरूममध्ये त्याची चेष्टा व्हायची. "काय सर, यंदा प्रयोग उताणा पडला का?" सर चहा पीत म्हणायचे, "पडला की. पडल्याशिवाय पोहणार कसा?" दर वर्षी हाच विनोद आणि हेच उत्तर. मीही हसायचे. तेव्हा मला सगळंच गमतीचं वाटायचं.

एकदा विद्यापीठात लहान संशोधन प्रकल्पांसाठी अर्ज मागवले होते. सरांनी भरला, मीही भरला. मुलाखतीला आम्ही एकाच एस्टीनं गेलो. त्या अर्जात एक रकाना असायचा, अजूनही असतो: संशोधनाची सामाजिक उपयोगिता. मी तिथं माशांच्या स्वस्त खाद्याबद्दल अर्धं पान लिहिलं होतं. शेततळी, ग्रामीण रोजगार, महिला बचत गट, काही म्हणून सोडलं नव्हतं. सरांनी दोन शब्द लिहिले होते: 'माहीत नाही.'

आम्हाला दोघांना एकदमच आत बोलावलं. समोरच्या गृहस्थांनी सरांचा कागद उलटसुलट करून बघितला. "सर, इथं काहीतरी लिहायचं असतं."

सर शांतपणे म्हणाले, "साहेब, उपयोग ठाऊक असता तर ते काम कुणीतरी केलंच असतं. जे कुणालाच ठाऊक नाही ते मला बघायचंय. विद्यापीठात नाही बघायचं तर कुठं बघायचं?"

माझा अर्ज मंजूर झाला, त्यांचा झाला नाही. परतीच्या गाडीत मला त्यांच्याकडं बघवेना. ते मात्र भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते, अर्ध्या मला देत होते. "तू बरं केलंस," ते म्हणाले. "तुला पुढं जायचंय. पण पोरी, पेटी तुझ्याकडं येणार हाय, ह्ये ध्यानात ठिव." मी हो म्हणाले. माशांच्या खाद्यावर माझी पीएचडी झाली. ते खाद्य आजवर एकाही माशानं खाल्लेलं नाही.

आता त्या रकान्याचा मला राग येतो. घरात लग्न निघालं की गावजेवण घालताना आपण उपयोग विचारत नाही. पोराला पहिल्यांदा चांदणं दाखवताना विचारत नाही. पण एखादा माणूस आपल्याच पगारात, आपल्याच गावाबाहेरच्या डबक्याकडं नीट बघायला लागला की सगळ्यांना लगेच उपयोग आठवतो. मला मात्र त्या दोन जोडलेल्या कागदांसमोर उभं राहून पहिल्यांदा समजलं होतं की आमच्या माळावर असं काहीतरी आहे जे जगात कुणालाच अजून माहीत नाही. लंडनलाही नाही, दिल्लीलाही नाही. ते कळायला एक पेटी, थोडं पाणी आणि दम धरणारी दोन माणसं एवढंच लागणार होतं. आमच्यासारख्या गावात वाढलेल्या मुलीला हे समजणं केवढं मोठं होतं, ते कुठल्या रकान्यात लिहू?

दोन माणसं. त्यांतली दुसरी मी होते.

सरांच्या निवृत्तीला सहा महिने राहिले असताना कॉलेजचं मूल्यांकन करायला समिती येणार असं ठरलं. ज्यांनी हे बघितलंय त्यांना सांगायला नको. बघितलं नसेल त्यांनी घरात मुलगी बघायला पाहुणे येणार आहेत असं समजावं, फक्त घर दोनशे खोल्यांचं आणि पाहुणे तीन दिवस मुक्कामाला. भिंती रंगल्या, नकाशे लागले, वर्षानुवर्षं बंद असलेले पंखे फिरायला लागले. प्राचार्यांनी परिसर आणि प्रयोगशाळा माझ्याकडं दिल्या होत्या. माझी बढती अडली होती आणि मला ही संधी सोडायची नव्हती. सर त्याच पंधरवड्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सोलापूरला गेले होते. जाताना म्हणाले, "अठरावी मोजून झालीय. एकोणिसावी आता तुझी. पुढच्या वर्षी तबक तू घासायचं."

प्रवेशद्वारापासून पायऱ्यांपर्यंत दोन्ही बाजूंना कुंड्या लावायच्या होत्या. कुंड्या आल्या, शोभेची झाडं आली, माती कमी पडली. मुरमाड माती टाकली तर झाडं समिती यायच्या आतच मान टाकतील, असं आमचे शिपाईमामा म्हणाले. मामा अणदूरचे, नोकरीत आयुष्य गेलं तरी मनानं शेतकरीच. मी त्यांना सांगितलं, "प्रयोगशाळेत खिडकीपाशी गांडूळखताचे टब आहेत, त्यातली माती घ्या. जुनी माती असेल तेवढी सगळी काढा."

तासाभरानं मी मैदानावर मंडपवाल्याशी फोनवर भांडत होते. पाहुण्यांसाठी पांढऱ्या खुर्च्या ठरल्या होत्या आणि त्यानं लाल पाठवल्या होत्या. मामा डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन समोर आले.

"मॅडम, ह्या पेटीतली बी घालू का? लई भारी गाळ हाय. नुस्ता लोण्यावानी."

मी त्या पेटीकडं बघितलं. हे मला इथं लिहायलाच हवं. मी बघितलं. मला ती पेटी माहीत होती. तिच्या कडीला बांधलेली सुतळी माझ्याच हातची होती. पण माझ्या कानाला फोन होता, डोक्यात लाल खुर्च्या होत्या, आणि मी हातानंच खूण करून म्हणाले, "सगळी. सगळी घाला."

मामांनी बावीस पुड्या एकेक सोडून, ढेकळं हातानं फोडून, बावीस कुंड्यांत सारख्या वाटल्या. मनापासून केलं त्यांनी. नंतर मला सांगत होते, असा गाळ त्यांनी त्यांच्या रानातसुद्धा कधी टाकला नव्हता.

समिती आली त्या दिवशी सर सोलापूरहून थेट कॉलेजात आले. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्यावर काळा चष्मा. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलं होतं. आम्ही सगळे पायऱ्यांवर ओळीत उभे होतो, प्राचार्य पुष्पगुच्छ देत होते. मामांनी दहाबारा दिवस कुंड्यांना इतकं पाणी घातलं होतं आणि काळ्या गाळानं ते असं धरून ठेवलं होतं की प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी बोटभर पाणी उभं होतं. समितीतल्या एक बाई कुंडीजवळ थांबल्या. "हे पाण्यात काय हलतंय? डासांच्या अळ्या आहेत का?"

प्राचार्यांचा चेहरा पडला. तेवढ्यात सर पुढं झाले. डॉक्टरांचं सांगणं विसरून कुंडीवर वाकले आणि चष्मा वर करून एका डोळ्यानं बघत राहिले.

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधीही विसरणार नाही. तो आनंद होता. लहान मुलाला रस्त्यात काही सापडावं तसा. "उताणे!" ते म्हणाले. "अहो, हे उताणे आहेत! इथं कसे आले? वाऱ्यानं अंडी आली म्हणावं तर..." ते दुसऱ्या कुंडीकडं गेले. तिच्यातही होते. तिसरीकडं गेले. चौथ्या कुंडीपाशी ते सावकाश सरळ झाले आणि ओळीतून नजर फिरवत माझ्यापाशी थांबले.

"पेटी?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

मग समितीतल्या बाईंकडं वळून त्यांनी चांगली दहा मिनिटं त्यांना उताण्यांची माहिती दिली. पाय कसे हलतात, पोट वर का असतं, सगळं. बाई खूश झाल्या. अहवालात आमच्या कॉलेजच्या जैवविविधतेचा खास उल्लेख आला. माझी बढतीही झाली.

पाहुणे जेवायला गेल्यावर मी सरांना प्रयोगशाळेत गाठलं. दार लोटलं. मी रडत होते, काय बोलत होते ते मला आठवत नाही. त्यांनी मला पाणी दिलं.

"असू द्या, मॅडम," ते म्हणाले. "तुम्ही काय मुद्दाम केलं का?"

दार लोटलेलं होतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. पण त्या क्षणी मला ते शब्द ऐकूच आले नाहीत. मी म्हणाले, "सर, कुंड्यांतली माती परत गोळा करते. अजून काही अंडी असतील."

"असतील की. पण आता मोजता न्हाई यायची. ह्या कुंडीतल्यांनी घातलेली अंडी त्यांत मिसळली, ती आता नातवंडं झाली. आपल्याला आजा किती थांबतो त्ये बघायचं हुतं." मग म्हणाले, "वाळवून ठेवा मॅडम, एखाद्या डब्यात. जीव हायत, रॉकेल नका टाकू देऊ."

त्यांनी भिंतीवरचा आलेख काढला. अठरा वर्षांचे ठिपके एका कागदावर, दुसरा कागद कोरा. गुंडाळी करून बगलेत मारली आणि ते एस्टी स्टँडकडं चालू लागले.

संध्याकाळी पाच वाजता मामा माझ्याकडं आले. हातात खाकी कागदांचा गठ्ठा. "सरांचे कागद हायती. फेकले न्हाईत म्या. येवस्थित घडी करून ठिवल्यात." मामांना बिचाऱ्यांना अजून काही माहीत नव्हतं. मी ते कागद घेतले. वर आकडे होते, एकोणीस ते चाळीस. एक कागद उलटला. मागच्या बाजूला, त्याच पेन्सिलीनं, त्याच जुन्या पुसट अक्षरात एकच शब्द लिहिला होता.

तू.

मी दुसरा उलटला. तू. तिसरा उलटला. बावीसच्या बावीस. पुड्या मी बांधल्या होत्या आणि मला हे दिसलं नव्हतं. मी बांधण्यात गुंग होते आणि ते शेजारी बसून लिहीत होते. अठराव्या पुडीपर्यंतचे कागद ते त्यांच्या वहीत एका कडेनं चिकटवायचे. पुढं कधीतरी ती वही मी पाहिली. त्या कागदांच्या मागं लिहिलं होतं, मी.

ते कागद मी सरांना कधी दाखवले नाहीत. लाज वाटली म्हणून नाही दाखवले, असं मी स्वतःला सांगत आले. खरं कारण असं की दाखवले असते तर ते परत द्यावे लागले असते.

त्या दिवसानंतर सरांनी मला एकदाही 'तू' म्हटलं नाही. निरोपसमारंभात नाही, माझ्या घरी मुलाच्या मुंजीला आले तेव्हा नाही, पुढच्या अकरा वर्षांत मी जितक्या वेळा त्यांच्याकडं गेले त्यातल्या एकाही वेळी नाही. "या मॅडम, बसा. प्रवासाचा त्रास झाला नाही ना?" शब्दांत काही कमी नव्हतं. चहा व्हायचा, चिवडा व्हायचा, कॉलेजच्या गप्पा व्हायच्या. मी एखाद्या दिवशी मुद्दाम म्हणायचे, "सर, मला पोरी म्हणा ना पूर्वीसारखं." ते हसायचे आणि म्हणायचे, "आता तुम्ही विभागप्रमुख. बरं दिसतं का?" कुणी शिव्या दिल्या असत्या तर मी त्या खाऊन मोकळी झाले असते. पण आदरानं दिलेला चहा परत कसा करायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

शेवटच्या वेळी गेले तेव्हा ते पलंगावर होते, पाठीवर, छताकडं बघत. मला ते बघून नको ते आठवलं आणि त्यांनाही आठवलं असावं, कारण ते म्हणाले, "बघा मॅडम, आता मीबी उताणा."

गेल्या वर्षी ते गेले. दहाव्याला मी त्यांच्या गावी गेले होते. सगळं आटोपल्यावर त्यांच्या बायकोनं, मी त्यांना काकू म्हणते, मला आतल्या खोलीत बोलावलं आणि ती वही आणि आलेखाची गुंडाळी हातात दिली. मी म्हणाले, "काकू, सर माझ्यावर शेवटपर्यंत रागावलेले होते."

"न्हाई गं," काकू म्हणाल्या. "राग कशाचा? उलटं त्ये म्हणायचे, लई वझं टाकलं हुतं म्या त्या लेकरावर, न विचारता. आता मोकळी केली."

मोकळी केली. मी एस्टीत तो शब्द घोळवत आले. बार्शीपासून पुढं मला रडू आवरेना. शेजारच्या बाईंनी विचारलं, कोण गेलं? मी म्हणाले, वडील. मला दुसरं काही सुचलं नाही, आणि खोटंही वाटलं नाही.

माळावरचं ते डबकं आता नाही. पवनचक्कीकडं जाणारा रस्ता तिथूनच गेला, खोलगट भाग मुरूम टाकून सपाट केला. मी जाऊन बघून आले. म्हणजे त्या जागेचे उताणे आता जगात एकाच ठिकाणी असतील तर माझ्या कपाटात, कुंड्यांतल्या मातीच्या त्या डब्यात. बारा वर्षं मी त्याला हात लावला नव्हता. यंदा दिवाळीच्या सुट्टीत, कॉलेजात कुणी नसताना, सरांचं तबक घासलं, माती घातली, पाणी घातलं. तिसऱ्या दिवशी भिंगाखाली ठिपके हलायला लागले. दहाव्या दिवशी ते पाठीवर पोहत होते, सगळे पाय आभाळाकडं करून. बारा वर्षं थांबले होते, कुणी मोजत नसताना. मी खुर्चीवर बसून मोठ्यानं म्हणाले, "सर, निघाले." खोलीत कुणी नव्हतं. आमच्या विभागात आता मी एकटीच आहे. एक जागा रिकामी आहे ती भरत नाहीत, प्राणिशास्त्राला यंदा मोजकीच मुलं आहेत, आणि विषय चालू ठेवायचा का यावर बैठका होतात. बैठकीत विचारतात, उपयोग काय?

त्यांनी अंडी घातली. पाणी आटू दिलं. गाळ वाळवला, चाळला, एकजीव केला, तोलला. वीस पुड्या झाल्या. माझ्या निवृत्तीला नऊ वर्षं आहेत. पहिल्या नऊ पुड्या मी नव्या कागदात बांधल्या, पुढं आकडा टाकला, मागं पेन्सिलीनं 'मी' लिहिलं.

दहावीला हात थांबला. माझ्यानंतर कोण? मला एकही नाव सुचलं नाही. आणि तेव्हा पहिल्यांदाच मनात आलं की त्या वर्षी, मी विशीतली, पुड्या बांधायला बसलेली सहासातांतली एक मुलगी, तेव्हा सरांना तरी कोण येणार हे कुठं माहीत होतं? ते 'तू' माझ्यासाठी होतं असं मी बारा वर्षं धरून बसले होते. कदाचित नसेलही. जो येईल त्याच्यासाठी असेल. मी विचारलं असतं तर सरांनी तेच दोन शब्द सांगितले असते, जे त्यांनी अर्जाच्या रकान्यात लिहिले होते.

मी कपाटातून तो जुना गठ्ठा काढला. वरचा कागद घेतला, त्यावरचा एकोणीस खोडून दहा केला. त्यात गाळ घातला आणि चुलत्यांच्या दुकानात शिकले होते तशी पुडी बांधली. मग बाकीच्या दहा. मागं काही लिहावं लागलं नाही. सरांच्या हातचं होतंच. अकरा 'तू' मी पेटीत ठेवून दिले आणि कडीला सुतळी बांधली.

अकरा कागद उरलेत. ते मी अजून कुणाला दिलेले नाहीत.